मावळत्या उजेडाचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या घरी एक जुना फोटो आहे. कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा. १९८८ सालच्या डिसेंबरातली अंबाझरी तलावाची संध्याकाळ त्यात आहे. पलीकडच्या काठावरच्या झाडांवर सूर्य टेकलेला, पाण्यावर उजेडाचा लांब पट्टा, आणि अलीकडे तलावाच्या पाळीवर उभा असलेला एक माणूस. त्याची टोपी दिसते, खांदे दिसतात, हातातली पिशवी दिसते. चेहरा मात्र दिसत नाही. तिथे नुसता काळा रंग आहे. तो माणूस म्हणजे माझे वडील. फोटो मी काढलेला.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॅमेरा मित्राचा, रोल माझ्या पैशांचा. अब्बा एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती गिरणी पुढे २००२ साली कायमची बंद झाली, पण अब्बा त्याआधीच गेले. आयुष्यात त्यांनी हौसेनं फोटो काढून घेतला तो हा एकच. प्रिंट हातात घेऊन ते म्हणाले, "सूर्य चांगला आलाय. मी कुठे आहे?"

त्यांनी ते हसत विचारलं होतं. मला मात्र तो प्रश्न सुटेना. कॅमेऱ्यातली उजेड मोजणारी सुई अगदी मध्यावर आणूनच मी बटण दाबलं होतं. मग चूक कोणाची? याचं उत्तर शोधता शोधता मी उजेड मोजण्याच्या इतिहासात शिरलो. आज तीच गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

सूर्यास्त ही मोजायची गोष्ट आहे, हे आमच्या घरात सर्वांनाच ठाऊक होतं. मगरीबच्या नमाजाची वेळ सूर्यबिंब पूर्ण बुडालं की सुरू होते. रमजानात रोजा सोडायचा तोही त्याच क्षणी. नागपूरचा सूर्य मुंबईच्या आधी, ऋतूप्रमाणे वीस ते तीस मिनिटं आधी, मावळतो. त्यामुळे मुंबईचं वेळापत्रक इथे चालत नाही, हे घरातलं लहान मूलही सांगू शकतं. बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत आपल्याकडे सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात. लंडनला याच गोष्टीला साडेतीन ते साडेचार मिनिटं लागतात, कारण तिथे सूर्य तिरकस उतरतो. फोटोग्राफीची पहिली पुस्तकं आपल्याकडे विलायतेतून आली. त्यांतली संध्याकाळ ही अशी रेंगाळणारी संध्याकाळ होती. आपल्या संध्याकाळीला तेवढी सवड नाही.

उजेडाचा अभ्यास मात्र फोटोग्राफीहून पुष्कळ जुना आहे. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहिलेला इब्न अल्-हैसम हा विद्वान अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून येणारा उजेड तपासत असे. ग्रहणाच्या वेळी छिद्र बारीक असेल तर समोर पडणारी सूर्याची प्रतिमा कोरीसारखी दिसते. छिद्र मोठं केलं की उजेड वाढतो, पण कोर पुसट होत जाते. उजेड किती आत घ्यायचा आणि त्याची किंमत काय द्यायची, हा प्रश्न तेव्हाच मांडला गेला होता. कॅमेऱ्यात आपण ज्याला ॲपर्चर म्हणतो, ते हेच छिद्र.

१८३९ साली पॅरिसमध्ये फोटोग्राफीची घोषणा झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिचंद चिंतामण यांच्यासारखे आपले पहिले व्यावसायिक फोटोग्राफर त्या वर्गात शिकले. त्या काळी काचेवर कोलोडियनचा ओला थर द्यायचा, तो ओला आहे तोवरच फोटो काढायचा आणि लगेच काच धुवायची. आपल्या उन्हाळ्यात हे काम किती घाईचं होत असेल, याची कल्पना करा.

त्या काचेला आणखी एक खोड होती. तिला निळा आणि जांभळा उजेड चटकन दिसे. तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे ज्या रंगांसाठी आपण सूर्यास्त पाहायला जातो, नेमके तेच तिच्या लेखी अंधार. उलट निळं आकाश तिच्यावर इतकं लवकर उमटे की खालची जमीन किंवा पाणी नीट येईपर्यंत वरचं आकाश पार पांढरं होऊन जाई. त्या काळच्या कित्येक निसर्गचित्रांत आकाश कोऱ्या कागदासारखं दिसतं, त्याचं कारण हे.

यावर तोड काढली ती गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरनं. १८५६-५७ च्या सुमारास त्यानं समुद्राची जी चित्रं केली, त्यांनी युरोपला वेड लावलं. सूर्य ढगांआडून डोकावतोय, लाटा चमकताहेत, आणि ढगही दिसताहेत, पाणीही दिसतंय. लोकांना काही चित्रं चांदण्यातली वाटली. ती होती दिवसाउजेडी काढलेली. त्यांतल्या काही चित्रांत त्यानं दोन वेगवेगळ्या काचा वापरल्या होत्या. एक आकाशाच्या हिशेबानं काढलेली, दुसरी समुद्राच्या. छापताना क्षितिजाच्या रेषेवर त्यानं दोन्ही जोडल्या. एका काचेत मावणार नाही एवढा उजेड-अंधार समोर असेल तर तो दोन काचांत वाटून घ्यायचा, ही युक्ती ध्यानात ठेवा. ती शेवटी पुन्हा भेटणार आहे.

पुढची पायरी रंगांची होती. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेरमान फोगेलला आढळलं की काचेवरच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवा-पिवळा उजेडही दिसू लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तांबडा उजेड पाहणाऱ्या काचा बाजारात आल्या. दरम्यान ओल्या काचांच्या जागी कोरड्या काचा आल्या. त्या इतक्या चपळ होत्या की तिवईची गरज कमी झाली आणि कॅमेरा माणसाच्या हातात आला.

कॅमेरा हातात आला आणि नवी अडचण सुरू झाली. तिवईवर अंदाज चुकला तर वेळ थोडी कमी-जास्त करता येई. हातात धरलेल्या कॅमेऱ्याला ती मुभा नाही, कारण हात हलतो. नेहमीच्या ५० मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा बहुतेकांना सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत स्थिर धरता येतो. त्याहून जास्त वेळ शटर उघडं राहिलं तर पाण्यावरचा सूर्य सांडलेल्या डागासारखा येतो. तेव्हा उजेड आधीच नेमका मोजणं भाग झालं.

इंग्लंडमधल्या आल्फ्रेड वॉटकिन्सनं १८९० मध्ये यासाठी एक मीटर काढलं. उजेडात काळा पडणारा कागद, शेजारी ठरावीक छटेचा नमुना. कागद त्या छटेला किती सेकंदांत पोचतो ते मोजायचं आणि त्यावरून फोटोला किती वेळ द्यायचा ते ठरवायचं. त्याच वर्षी हर्टर आणि ड्रिफिल्ड या जोडीनं किती उजेडाला निगेटिव्ह किती काळी होते याचा आलेख प्रसिद्ध केला. उजेडाची मोजदाद तिथून शास्त्रात जमा झाली. १९३२ साली वेस्टन कंपनीचं सेलेनियमवर चालणारं मीटर आलं. त्यावर उजेड पडला की वीज निर्माण होते आणि सुई हलते. कागद काळा पडण्याची वाट पाहणं संपलं. ते मीटर पुढे कॅमेऱ्याच्या अंगात शिरलं आणि १९६० च्या दशकात तर भिंगातून आलेला उजेडच मोजू लागलं. माझ्या मित्राच्या कॅमेऱ्यात जी सुई होती, ती याच घराण्यातली.

आता त्या सुईचा स्वभाव सांगतो. मीटर प्रामाणिक असतं, पण त्याला समोर काय आहे ते कळत नाही. समोरचं सगळं जग मिळून एक मध्यम करडा रंग आहे, असं ते धरून चालतं. तुम्ही बर्फ दाखवा, ते करडा करायला बघेल. कोळसा दाखवा, तोही करडाच करायला बघेल. सूर्य आणि त्याचं पाण्यातलं तेज दाखवलं तर, "हे फार उजळ आहे, कमी करा," एवढंच सांगेल. त्याच चौकटीत कोणाचे वडील उभे आहेत, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आज मी त्या संध्याकाळचा हिशेब मांडतो तेव्हा चित्र स्पष्ट होतं. माझ्या कॅमेऱ्यात १२५ एएसएचा ऑर्वो रोल होता. अशा रोलला भर दुपारच्या उन्हात एफ १६ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. सूर्य क्षितिजाला टेकताना साधारण एफ ८ आणि साठावा भाग लागतो, म्हणजे उजेड दुपारच्या आठव्या हिश्शावर आलेला असतो. सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तो आणखी चौपट घटतो. मग एफ ४ लागतं. मी मीटर धरलं ते थेट सूर्याच्या आणि पाण्यातल्या पट्ट्याच्या दिशेनं. सुईनं एफ १६ सांगितलं, मी ऐकलं. अब्बांची पाठ सूर्याकडे होती. त्यांच्या चेहऱ्याला एफ ४ हवं होतं. म्हणजे हवा होता त्याच्या सोळावा हिस्सा उजेड मी त्यांच्या चेहऱ्याला दिला.

पाण्याचाही यात हात असतो. पायाशी सरळ खाली पाहिलं तर पाणी उजेडाचा शेकडा दोन भाग एवढाच परत पाठवतं, म्हणून काठाचं पाणी काळंभोर दिसतं. नजर जसजशी दूर, तिरपी जाते, तसतसं ते आरशासारखं वागू लागतं. त्यामुळे तलावावर एकच सूर्यास्त दोनदा होतो, एकदा वर आणि एकदा खाली. मीटर दोन्हींची भर घालतं आणि दुप्पट घाबरतं.

मग करायचं काय? जुने जाणकार सांगत, मीटर सूर्याला दाखवूच नका. सूर्याच्या बाजूचं, पण सूर्य चौकटीबाहेर ठेवून, आकाश मोजा. तो आकडा धरून ठेवा आणि मग कॅमेरा पुन्हा सूर्याकडे वळवा. आकाशाचे रंग हवे असतील तर हा आकडा पुरे. माणूस हवा असेल तर चार पावलं पुढे जाऊन त्याचा चेहरा मोजा, आणि आकाश पांढरं पडणार हे मान्य करा. दोन्हींच्या मधला आकडाही घेता येतो, पण मग दोन्हींकडचं थोडं थोडं जातं. एक सावधगिरीही सांगतो. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यात डोळा लावून, त्यातही लांब पल्ल्याच्या भिंगातून, सूर्याकडे बघू नका. फोटो पुन्हा काढता येतो, डोळा पुन्हा मिळत नाही.

ज्यांनी मीटरवर हुकूमत मिळवली, त्यांनी हाच विवेक वापरला. अमेरिकेचे ॲन्सेल ॲडम्स १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून मोटारीनं जात होते. पूर्वेला चंद्र उगवलेला, आणि पाठीमागे मावळणाऱ्या सूर्याचा शेवटचा उजेड कब्रस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर. त्यांनी घाईघाईनं कॅमेरा उभा केला, पण मीटर सापडेना. चंद्राची उज्ज्वलता किती असते हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसऱ्याची तयारी होईतो क्रुसांवरचा उजेड गेला होता. तो एकच फोटो जगप्रसिद्ध झाला. याच ॲडम्सनी फ्रेड आर्चर यांच्यासोबत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडून एक पद्धत बसवली होती. तिचं सार एवढंच, की मीटर आकडा सांगेल; तो आकडा काळ्या-पांढऱ्याच्या कोणत्या टप्प्यावर ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

पुढच्या काळात मात्र हे ठरवणंही यंत्राकडे गेलं. १९८३ साली निकॉनच्या एका कॅमेऱ्यानं चौकटीचे पाच भाग पाडून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजायला सुरुवात केली. हजारो फोटोंचा अभ्यास करून त्याचे ठोकताळे बसवले होते. वरचा भाग फार उजळ तर ते आकाश असणार, मधला काळोखा तर तो माणूस असणार. सोय मोठी झाली. पण ठोकताळे कोणाच्या फोटोंवरून बसवले, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून रंगीत प्रिंटचे रंग जुळवायला जे नमुनापत्र वापरत, त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. तिचा चेहरा बरोबर आला की प्रिंट बरोबर. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे तपशील त्या हिशेबात हरवत. सरासरी कोणाची धरायची, हे आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. गिरणीतल्या माणसाच्या मुलाला हे समजायला फारसं शिकावं लागत नाही.

आणि आता मोबाइल. सूर्यास्ताकडे फोन धरला की तो एका बटणात अनेक फोटो घेतो, काही आकाशाच्या हिशेबानं, काही सावलीच्या, आणि ते जोडून एकच चित्र देतो. ल ग्रेनं दोन काचा जोडल्या होत्या. पावणेदोनशे वर्षांच्या आत तीच युक्ती प्रत्येकाच्या खिशात आली. तरी फोनचाही कल जगाला मधल्या उजेडावर आणण्याकडेच असतो. त्यामुळे गर्द तांबडी संध्याकाळ पुष्कळदा फिकट दुपारीसारखी येते. त्यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर सूर्याजवळच्या आकाशावर बोट दाबून धरा आणि उजेड खाली ओढा. डिजिटल फोटोत एकदा पांढरं झालेलं परत येत नाही, अंधारातलं मात्र थोडंफार उजळता येतं. फिल्मचं नेमकं उलट होतं. तिथे फार उजळ झालेलं प्रिंट करताना बरंच सावरता येई. अंधारात गेलेलं गेलंच.

हे मला २०१९ साली नीट कळलं. अब्बांच्या त्या फोटोची निगेटिव्ह मी एका स्टुडिओत स्कॅन करून घेतली. आता नवी यंत्रं आहेत, काहीतरी निघेल, अशी आशा होती. तिथल्या तरुणानं ती मोठी करून दाखवली. टोपीची कड आली, एका कानाची पाळी आली. सूर्याचा उजेड वळसा घालून जेवढा पुढे आला होता, तेवढंच आलं. निगेटिव्हवर जिथे उजेड पोचतच नाही तिथे चांदीचा कणही उरत नाही, नुसती पारदर्शक फिल्म राहते. तो मुलगा अदबीनं म्हणाला, "सर, इथे काही नाहीच आहे. मी भरलं तर ते माझं होईल." मी त्याला भरू दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात फुटाळ्यावर गेलो होतो. सोबत बहीण होती आणि भाची. सूर्य पलीकडे उतरत होता आणि काठावरची सगळी माणसं त्याच्याकडे फोन रोखून उभी होती. भाचीनं आपल्या आईला पाण्याकडे पाठ करून उभं केलं. मी म्हटलं, "बेटा, थांब. तू पाण्याच्या बाजूला ये आणि आईला सूर्याकडे बघू दे." ती म्हणाली, "मामू, मग सूर्य कुठे येणार?"

तिनं तरी ऐकलं. आपाच्या चेहऱ्यावर तो उतरता उजेड थेट पडला होता. सुरकुत्या, डोळ्यांतलं पाणी, ओढणीची किनार, सगळं आलं. मीटरला घाबरण्यासारखं समोर काही नव्हतंच. त्या फोटोत सूर्य नाही, पण तो कुठे होता हे तिच्या चेहऱ्याकडे पाहून कोणालाही सांगता येईल.

१९८८ च्या त्या संध्याकाळी अंबाझरीच्या पाळीवर मला एवढंच करायचं होतं. मी पाण्याच्या बाजूला गेलो असतो आणि अब्बांना म्हटलं असतं, जरा मावळतीकडे बघा. पाठीमागे शहर आलं असतं, कदाचित दूरवर एखादं धुरांडंही. सूर्य तर रोजच येतो. तेव्हा या आठवड्यात कोणाला घेऊन तलावावर गेलात, तर आधी त्यांना सूर्याकडे तोंड करून उभं करा. सूर्याचा फोटो नंतर काढा. आपल्याकडे त्यासाठी अडीच मिनिटं असतात.